कारणाचा रकाना

बाई,

आज रविवार, म्हणून कपाटाच्या खालच्या फळीवरून तुमची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, पाठ तुम्हीच दोऱ्यानं शिवलेली. तुम्हाला जाऊन आज सहा वर्षं झाली, आणि तुमच्या शेवटच्या तीन दिवसांबद्दल मी सगळ्यांना जे सांगत आले ते खरं नाही. तुम्हाला तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसले. एवढं लिहून मघाशी उठले, चहा केला, प्याले, कप विसळला, ओटा पुसला. टाळाटाळ चालली आहे हे तुम्ही एव्हाना ओळखलं असतंत.

मी तुमच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले तेव्हा मला खिचडी सोडून काही येत नव्हतं. उदगीरच्या त्या गल्लीतली एकच खोली, वर पत्रे, आणि भिंतीवर तुम्ही काढलेला हत्ती, ज्याला मुलं म्हैस म्हणायची. साडेदहाला तुम्ही वाट्या मांडायला लावायचात. प्रत्येक वाटीच्या बुडाला त्या त्या मुलाची खूण असायची, खिळ्यानं ठोकून काढलेली, कुणाचा मासा, कुणाची छत्री. मुलं बसली की ज्या वाट्या उरायच्या त्या तुम्ही पालथ्या घालायचात आणि मला म्हणायचात, जा, बघून ये. पुढं घरोघरी फोन आले तरी तुम्ही फोन करू दिला नाहीत. वाटी घेऊन घरी जायचं, दारात उभं राहून प्यायला पाणी मागायचं, आणि पाणी येईपर्यंत बघून घ्यायचं. चूल पेटली आहे का, लेकराच्या चपला दारात आहेत का, लेकरू डोळ्यांना दिसतंय का. का आलं नाही असं तोंडावर विचारायचं नाही, विचारलं की माणसं काहीतरी ठोकून देतात, असं तुमचं म्हणणं. मी परतले की तुम्ही ही वही उघडायचात. सरकारी रजिस्टरात हजर आणि गैरहजर एवढंच होतं. या वहीत तुम्ही पट्टीनं आखलेला आणखी एक रकाना होता, कारणाचा.

पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या घराला कुलूप दिसलं. शेजारणीला विचारून मी परत आले आणि सांगितलं, मामाकडं निलंग्याला गेलं असंल. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"गेलं असंल म्हंजे? कुनी बघितलं?"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"गेलं असंल हे कारन न्हाई गं. आपल्याला ठाव न्हाई, एवढाच त्येचा अर्थ. जा परत."

भर उन्हात परत गेले, वाटभर तुम्हाला मनात शिव्या घालत. त्या पोराची आजी शेतावर सापडली. पोरगं खरोखरच निलंग्याला गेलं होतं, तिनंच त्याला बसमध्ये बसवून दिलं होतं. तुम्ही शांतपणे लिहिलंत, "निलंगा, मामाकडे. आजीने बसवून दिले." घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी दिसते तुझी बाई. मी हसले. मलाही तसंच वाटत होतं.

असं अकरा वर्षं चाललं. तुम्ही रिटायर झालात, तुमच्या जागी मी सेविका झाले आणि निरोपाच्या दिवशी तुम्ही ही वही माझ्या हातात दिलीत. दुसऱ्या दिवशी साडेदहाला बघते तर तुम्ही दारात बसलेल्या. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर पिशवी. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच गेलेला, एक पुतण्या काय तो नांदेडला. दोन गल्ल्या सोडून तेलाच्या दुकानामागच्या खोलीत दिवस काढायचा तर कसा काढायचा हे आता मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तुम्ही रोज यायचात, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायचात, मुलं तुम्हाला अव्वा म्हणत अंगावर पडायची. आणि मला आपलं सारखं वाटायचं की माझ्या कामावर कुणीतरी नजर ठेवून बसलं आहे.

मग तो शनिवार. तुम्ही माझं रजिस्टर उघडलंत. सतरंजीवर एकोणीस मुलं होती आणि रजिस्टरात सव्वीस. हजेरी कमी दिसली की वरून विचारणा व्हायची, उत्तरं देता देता मी कंटाळले होते, म्हणून टिकमार्क करून मोकळी व्हायचे. ती सात नावं तुम्ही बोट ठेवून एकेक वाचलीत. एरवी रागावलात की तुम्ही कानडीत शिरायचात, आणि मला कानडी येत नसल्यानं तो राग मला फारसा लागायचा नाही. त्या दिवशी मात्र मराठीत बोललात, नव्या मदतनिसीच्या समोर.

"खोटी हजेरी लावलेलं लेकरू हरवलं तर हुडकाया कोन जानार? कागदावर तर ते हितंच बसलंय."

बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हणाले, "बाई, तुमी आता रिटायर झालाव."

तुम्ही तांदळाचं ताट बाजूला ठेवलंत, पिशवी उचललीत आणि गेलात.

सोमवारी तुम्ही आला नाहीत. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मंगळवारी आला नाहीत तेव्हा म्हटलं, रुसल्या असतील. मदतनीस म्हणाली, पुतण्याकडं नांदेडला गेल्या असतील. मी मान हलवली आणि रजिस्टर पुढं ओढलं. बुधवारी दुपारी तुमच्या दारात आले तर कडीला दुधाच्या तीन पिशव्या अडकवलेल्या होत्या, सर्वांत खालची फुगलेली. घरमालकानं खांदा लावून दार उघडलं. तुम्ही ओट्याखाली कुशीवर पडला होतात. बादली भरलेली होती, शेगडीवर चहाचं भांडं होतं, गॅस पेटवलेला नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, कधी? ते कागदात बघत म्हणाले की पडल्या असतील सोमवारी सकाळी, पण जीव कधी गेला ते नेमकं सांगता येत नाही, मंगळवारपर्यंतही राहिला असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

पुतण्या आला. तुमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून मूठमाती दिली. अंगणवाडीच्या उंबऱ्याशी बसायचात तशाच बसला होतात. तो रडत सगळ्यांना विचारत होता, दोन दिवस कुणीच कसं बघितलं न्हाई? माझ्याकडं वळला तेव्हा मी म्हणाले, मी मंगळवारी आले होते, कडी वाजवली, आतून आवाज आला नाही, वाटलं नांदेडला तुमच्याकडं गेल्या. त्यानं मला हात जोडले. बाई, अशी मी तुमच्या दारातली माझी हजेरी खोटी लावली. दरवर्षी या दिवशी त्याचा फोन येतो, म्हणतो, काकूला तुमच्याशिवाय कोन होतं. आणि मी हाव म्हणते.

आता सहा वर्षांनी का लिहायला बसले, तर या आठवड्यात जे घडलं त्यामुळं. हल्ली हजेरी फोनवर लागते, मुलांचे फोटो काढावे लागतात. काढले की काम संपलं. छत्रीच्या वाटीची एक चार वर्षांची मुलगी दोन दिवस आली नाही. आई आणि ती दालमिलच्या मागं राहतात, बाप ट्रकवर असतो. मदतनीस म्हणाली, गेली असंल आजोळी. मी फोटो काढायला हात उचलला होता, तो तसाच खाली आला. वाटी पदराखाली घेतली आणि निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. दारात चिमुकल्या चपला, नीट जोडीनं ठेवलेल्या. मी पाणी मागितलं. पोरगी दोन्ही हातांनी तांब्या धरून आली, अर्धं पाणी अंगावर सांडत.

"आय झोपलीय," ती म्हणाली. "उठली की येनार हाय मी."

आत आई तापानं फणफणलेली, हाक मारली तर ओ देईना. उशाशी बिस्किटाचा रिकामा पुडा आणि पाण्यानं भरलेली भातुकलीतली भांडी. रिक्षा करून दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत. बाकावर बसून मी रडायला लागले तेव्हा मांडीवरच्या पोरीला वाटलं मी तिच्या आईसाठी रडते आहे. ती माझे गाल पुसायला लागली. बाई, अंगणवाडीतून त्यांच्या घरी जायला मला दहा मिनिटं लागली होती. तुमचं घर त्याहून जवळ होतं.

आई आता उठून बसते, पेज घेते. मी तुमच्या वहीत लिहिलं, "आईला ताप. मी पाहिले." अक्षर तुमच्यासारखं येत नाही.

माझंही आता तुमच्यासारखंच झालं आहे. हे गेले, मुलगी लातूरला तिच्या संसारात, रविवारी फोन करते. परवा मदतनिसीला सांगितलं की मी साडेदहापर्यंत आले नाही तर घरी बघायला ये. ती हसली, म्हणाली, तुमी कुठं जाताव ताई. मी पण हसले. पण मग तिच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.

सकाळी पुतण्याचा फोन येऊन गेला. या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं. तो नेहमीसारखं बोलला आणि मी नेहमीसारखं हाव म्हणाले. हा कागद आता तुमच्या वहीत ठेवून वही परत खालच्या फळीवर ठेवणार आहे. कुणाला दाखवण्याची हिंमत माझ्यात नाही.

एक राहिलं. मंगळवारी मी आले होते हे अगदीच खोटं नाही. संध्याकाळी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. तिथून तुमचं दार दिसतं. कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या, त्या मला दिसल्या होत्या. मनात म्हटलं, पहिल्यांदा त्यांनीच बोलू दे. कोपऱ्यावर मेथीची जुडी घेतली आणि परत फिरले. घरी येऊन निवडली, भाजी केली, जेवले. भाजी चांगली झाली होती, बाई.