हत्यारांसह प्रवेश नाही, हत्यारांशिवायही नाही

चि. धाकटे भावजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

तुमच्या प्रशिक्षण केंद्रातून माझ्या सुनेला दोन दिवसांत दोनदा परत पाठवले आणि तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहावे लागते आहे. गुडघा कसा आहे? (रीत म्हणून विचारले. काल बाजारात मला पाहून ज्या चपळाईने वळलात, त्यावरून बरा असावा.)

आधी अभिनंदन. केंद्राचा विस्तार झाला, आता विद्यार्थ्यांबरोबर मोठ्या माणसांनाही कुठल्याही वयात हातचा धंदा शिकता येईल, हे तुमचे भाषण मी शेवटपर्यंत ऐकले. (मधल्या खुर्चीवर बसले होते, उठायला वाट नव्हती.) त्या भाषणावर विसंबून सुनेने मोटार दुरुस्तीच्या वर्गात नाव घातले. तुमचे भाऊ गेल्यापासून त्यांचे पंप-मोटारींचे दुकान बंद आहे. प्रमाणपत्र मिळाले तर ती ते उघडेल, नाही मिळाले तर वर्षअखेरीस जागा सोडावी लागेल. पोरीचा हात चांगला आहे. (हे तिला कळवू नये.)

आता तुमची करामत. प्रवेशपत्रावर तुमच्या सहीने छापले आहे, ‘प्रशिक्षणार्थींनी स्वतःची हत्यारे आणावीत, हत्यारांशिवाय वर्गात बसू दिले जाणार नाही.’ म्हणून पहिल्या दिवशी ती तुमच्या भावांची पिशवी खांद्याला लावून गेली. फाटकावर नवा कोरा बोर्ड, खाली तुमचीच सही, ‘हत्यारे घेऊन आवारात येण्यास सक्त मनाई.’ पहारेकऱ्याने पिशवी उघडली, पक्कड पाहिली आणि तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. पिशवी फाटकावर ठेवून सुनेला आत धाडले, तर वर्गाच्या मास्तरांनी हत्यारे नाहीत म्हणून बाहेर काढले. म्हणजे तुमच्या विस्तारात फाटक दुप्पट रुंद झाले आणि त्यातून माणूस तेवढा जाईना. मास्तर बिचारे कागदावर बोट ठेवून उभे, पहारेकरी बोर्डाकडे बोट दाखवून उभा, आणि दोन्हीकडे तुमची सही.

पहारेकरी माणूस मात्र सज्जन आहे. मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले, पिशवी आत जाऊ दिली नाही. मी त्याला समजावले की बाबा, बोर्डावरची हत्यारे म्हणजे सुरे-तलवारी, ही कामाची हत्यारे. चाळीस वर्षांपूर्वी मराठी घेऊन बी.ए. झाले त्याचा हा पहिलाच उपयोग, तोही फुकट गेला. तो म्हणाला, “आजी, मला कळतं हो. पण साहेबांनी एकच शब्द लिहिलाय, मी दोन कसे वाचू?” मग मी म्हटले, अवजारे म्हण. तर तो म्हणे, अवजारे शेतीची, ती मागच्या इमारतीत, तिथे सकाळी वर्ग नसतो. यावर मला उत्तर सुचले नाही. (तुमच्या भावांनी हे ऐकले असते तर त्यांना फार समाधान वाटले असते.)

परतताना सून एवढेच म्हणाली, “आई, राहू द्या. उद्या तिसरा दिवस.” सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास नाव कमी, हाही नियम तुमचाच. तेवढा एक मात्र निर्दोष मराठीत लिहिला आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. : बोर्डावर ‘शस्त्रे’ लिहायला तुम्हाला समिती नेमावी लागेल, ते जाणते. बोर्ड राहू द्या. उद्या साडेसातला पिशवी तुम्ही स्वतः आत न्या. साहेबांची पिशवी कोणी उघडत नाही, हे पहारेकऱ्यानेच सुचवले.

दुसरा ता. क. : हे सारे सुनेच्या मायेपोटी लिहिले अशी समजूत करून घेऊ नका. तिच्या वर्गात दोन जागा रिकाम्या आहेत आणि वयाची अट नाही, असे तुम्ही भाषणात तीनदा म्हणालात.

पोच (तुमच्याच घरी बसून लिहिली) : आज संध्याकाळी सहा वाजता, तुम्ही मागल्या दाराने बाहेर पडल्यावर, धाकट्या जाऊबाईंच्या हाती दिले : पक्कड दोन, पाने पाच, पेचकस तीन, कानस एक, हातोडी एक. माझा प्रवेश अर्ज, फोटो चिकटवून, एक. कोरा अर्ज एक, जाऊबाईंनी स्वतःसाठी मागून घेतला.