काठोकाठ भरलेली टाकी

चि. चंपतले आक्काचा जयभीम.

तू बरा असशील, तुझ्या घरवालीच्या, भागीरथाच्या, गुडघ्याले उतार पडला असंल, असं धरून लिहून राहिली. माझं सारं जागेवर आहे. (दातही जागेवरच आहेत, डबीत.) माझ्या नातीचं, उत्कर्षाचं, साक्षगंध रविवारी, इथंच कोहक्याले, घरामागच्या लॉनवर. निमंत्रण मोबाइलवर आलं म्हणून भूषणचा मामा, म्हणजे तू, येत नाही, असं तुझी लेक वंदना सांगत होती. ते राहू दे. मी मशीनीचं सांगते.

पावसानं लॉनवरचा घास असा माजला का पाहुणे बसवले असते तर नवरदेवाची आई शोधाले माणूस धाडा लागला असता. माझ्या पोरानं, भूषणनं, घास कापायची मशीन खोलीतून काढली, दोरी ओढली. मशीन एकदा खोकली अन् चूप. मग जावयानं ओढली, शेजारच्या देवरावनं ओढली (त्याले कोणी बोलावलं नव्हतं). स्टील प्लांटमधी भट्टी सांभाळणारा माझा भूषण खांदा धरून पायरीवर बसला, अन् सून बाम चोळता चोळता हसून राहिली.

शेवटी मशीन ऑटोत घालून हथखोजले बाबुलाल मिस्त्रीकडे नेली. मीही गेली, कावून का भूषण मिस्त्रीपुढं नुसती मान हलवते. झाकण उघडलं तर जुन्या वार्निशाचा वास, अन् कार्बोरेटरात चिकट पिवळा थर. "अम्मा, ये पेट्रोल नहीं, गोंद है." म्हणे पेट्रोलही शिळं होते, महिना-दोन महिन्यांच्या वर ठेवू नये. घास वाढायचा थांबला का टाकी खाली करावी, मग मशीन खुल्या हवेत चालू करावी, नळीतलं उरलंसुरलं जळून आपोआप बंद पडू द्यावी, अन् अशी कोरडी करून ठेवावी. (एवढं सांगाले त्यानं दोनदा गुटखा थुंकला.) मी म्हटलं, मग आमची टाकी भरली कोणं? भूषण खाली पाहून म्हणे, मामानं.

आठवलं का बाप्पा? मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मशीन राजनांदगावले तूच नेली होती, अन् काठोकाठ भरून परत दिली. भागीरथानं सांगितलं असंल, बहिणीचं भांडं रिकामं परत देऊ नये. अरे, ते डब्याले! डब्यात वाटीभर साखर घालतात, मशीनीत काय घालतात? तुझा तो मानपान सारा उन्हाळाभर आत बसून राहिला, तुझ्यासारखा फुगून.

भागीरथाले जयभीम सांग. गुडघ्याले शेक दे म्हणा, मोबाइल पाहून बरा होत नाही.

तुझी आक्का

ता. क. मशीन सुधरली. आता एका ओढीत चालू होते. लॉन साफ झालं.

ता. क. दुसरा. जांभळीखालचा एक तुकडा मी कोणाले कापू दिला नाही. तो मामानं कापाचा. मोबाइलवरचं निमंत्रण चालत नाही ना, मग हे घे हातानं लिहिलेलं, बोटं आखडली. शनिवारीच या दोघं. साखर नको, साडी नको, भरून काही आणू नको. अन् पोटात राग उरला असंल तर निघायच्या आधी घरीच खुल्या हवेत जाळून घे, अन् कोरडा ये.