शेवटचं पान

बाबा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून भुताटकीचीच पुस्तकं वाचते. पन्नाशी उलटलेल्या बाईने आता पोथीकडे वळावं, असं महाकालाच्या या गावात रिक्षावालासुद्धा सुचवतो. पण मला चहासोबत विहिरीतून वर येणारा हातच लागतो. हा रोग तुमचा. दिवसा माधव नगरच्या शाळेत तुम्ही पोरांना भूत नसतं हे विज्ञानाने पटवायचात, आणि संध्याकाळी टावर चौकातून भाड्याने आणलेली कादंबरी घेऊन स्वयंपाकघरात आईच्या शेजारी पाट मांडायचात. ती पोळ्या लाटतेय, तुम्ही मोठ्याने वाचताय. आई म्हणते, "अहो, पोरगी घाबरेल ना!" तुम्ही म्हणता, "घाबरू दे. डरना भी आना चाहिए."

तुमचा नियम एकच. भूत म्हणजे शेवटी चादर पांघरलेला मुनीम निघाला, की पुस्तक आपटायचं. "धोखा है! दोनशे पानं घाबरवलं आणि आता म्हणतो काही नव्हतंच." माझी आवड या एका चिडीवर पोसली. पेपरातल्या माझ्या सदरात पुढाऱ्यांची सालटी काढते तीही त्याच चिडीने, फक्त त्यांच्या चादरीखाली मुनीमही नसतो.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. इंदूरच्या डॉक्टरने कॅन्सरचा रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि आपल्या घरांत होतं तेच झालं. आईने, काकांनी आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं, यांना अल्सर सांगायचा. रिपोर्ट मीच तसा वाचून दाखवायचा. आख्ख्या घरात नीट घाबरता येणारा एकच माणूस होता, नेमकं त्यालाच आम्ही वगळलं.

तुमच्याने पुस्तक धरवेना, म्हणून मी वाचायचे. त्या दुपारच्या गोष्टीतला माणूस जन्मभर टाळलेलं एक दार शेवटी उघडतो, आत जातो आणि परत येत नाही. मी शेवटचं पान उलटलं, आईकडे पाहिलं आणि वाचल्यासारखं करत म्हणाले, आत काहीच नव्हतं, वाऱ्याने कडी वाजत होती. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग आईला चहा आणायला पाठवलंत.

"बेटा, ये तूने अपने मन से जोडा ना?"

"नाही हो बाबा. असंच छापलंय."

"अच्छा. रिपोर्टही तूच वाचून दाखवलास, नाही का?" तुम्ही चक्क हसलात. "चल, आता छापलंय ते वाच. पूर्ण."

मी म्हणाले, डोळे दुखतायत, उद्या वाचते. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीत नव्हतात.

आई आता ऐंशीची आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही हो, सुखाने गेले." मी मान हलवते. हे तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन.

डोळे मुळीच दुखत नव्हते, बाबा. मला तुमच्यासमोर घाबरायची लाज वाटली.