जोडीतला दुसरा जील

झिएमदादास, धाकट्या बायोरचा वाकून नमस्कार.

कुमासीत तू, स्कोलास्टिका वहिनी आणि तुझा गुडघा, तिघंही बरी असाल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं या जागी लिहायचं असतं, पण आईला पोचवून आल्यावर ते कसं लिहू? कोंबड्या क्षेम आहेत. शेळीही, दुर्दैवाने. (तिच्याबद्दल पुढे येईलच.)

तू पाठवलेलं प्लॅस्टिकच्या फुलांचं पुष्पचक्र मिळालं. फार मोठं होतं. तुला कामातून निघता आलं नसेल, मी समजू शकतो. बाबांचं उरकल्यावर आपण भांडून शेतं वाटली आणि त्याच रागात बाबांच्या हातची जीलची जोडीही वाटली, एक वाद्य तुला, एक मला, तेव्हा तू तुझा जील डोक्यावर घेऊन निघालास तो निघालासच. ते जुनं उकरायला हे पत्र नाही, आणि काही मागायला तर मुळीच नाही. आईचं कसं झालं ते तुला कळावं, इतकंच.

तर आईला नवं कापड नेसवून रीतीप्रमाणे मांडवात उंचावर बसवलं. मयताची पोरं दुःखाने सैरावैरा पळत सुटू नयेत म्हणून दोरी बांधतात तशी मला बांधली, आणि टोक आयुओ आत्याच्या हातात दिलं. (आत्या आता इतकी वाळली आहे, की मी पळालो असतो तर तीच माझ्यामागे फरफटत आली असती.) आपला जील काकांच्या पास्कलने घेतला. पण मयताला जील दोन लागतात, म्हणून नदीपलीकडच्या सोमेला त्याचा घेऊन बोलावलं. माणूस गुणी, हात पाण्यासारखा. पण त्याच्या लाकडी पट्ट्या त्याच्या आजोबांच्या कानाने तासलेल्या, आणि आपल्या आपल्या बाबांच्या कानाने. घराघराचा सूर वेगळा, हे तुला मी काय सांगायचं? वेगवेगळे वाजले तर दोन्ही गोड, पण एकत्र वाजायला लागले की एका चुलीवर दोन सवती.

दादा, कुणाला रडूच येईना! आयुओ आत्या, जी परक्याच्या मयताला न बोलावता जाऊन रडते, ती माझ्या कानात म्हणाली, "आता काय डोळ्यांत तिखट घालू का रे?" त्यात आपला जील बोलतो, सुरांतूनच शब्द ऐकू येतात. पास्कलने 'घरची माय निघाली' वाजवलं, सोमेचा सूर त्याच्यावर जरासा चढला, आणि मांडवाला 'घरची शेळी निघाली' असं ऐकू आलं. भिडस्त मंडळी गप्प बसली. ज्वारीच्या दारूपाशी बसलेली मंडळी शेळी शोधायला उठली. आणि ती खरंच सुटली होती! कणगीमागे उभी राहून तुझं पुष्पचक्र खात होती. फितीवरच्या 'प्रिय आईस'मधलं 'प्रिय' तेवढं वाचलं, ते मी ठेवलं आहे.

शेवटी पास्कल म्हणाला, आपल्याच पट्ट्या खालून थोड्या तासू आणि सोमेशी जुळवून घेऊ. त्याने चाकू घेतलाही. तासलेलं लाकूड पुन्हा भरून येत नाही, दादा. बाबांचा आवाज गेला, पण त्यांच्या कानाला काय बरं वाटायचं ते या पट्ट्यांत आहे आणि तुझ्याकडच्या पट्ट्यांत आहे, आणखी कुठेच नाही. मी उठलो आणि जीलवर पालथा पडलो. आत्याने (इमानी बाई!) टोक सोडलं नाही, ती धुळीतून माझ्यामागे आली. "फुटलं गं बाई, पोराचं दुःख फुटलं एकदाचं!" असा गलका झाला. मी "चाकू काढा, चाकू काढा" ओरडत होतो आणि लोक घाबरून आपापले चाकू लपवत होते. नंतर वाटलं, त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. दुःखच फुटलं होतं.

मग सोमेनेच आपल्या काठ्या खाली ठेवल्या. उरलेलं सगळं एका जीलवर झालं. पास्कल वाजवायचा, आणि उत्तराची जागा रिकामी जायची. आईला तशीच नेली. परतताना आत्या म्हणाली, "कोरडीच धाडलीत रे माझ्या वहिनीला."

असो. गुडघ्याला शियाचं लोणी चोळत जा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बायोर

ता.क. ज्वारी निघाली की आईचा शेवटचा विधी. तोवर ती पितरांकडे जायच्या वाटेतच बसून राहणार, तुला ठाऊक आहे. तुझा जील बसने पाठवून दे. तू यायची गरज नाही.

ता.क. टपावर टाकू नको, खालचे भोपळे फुटतील. कुणीतरी शेजारी बसून सांभाळत आणायला हवा. परक्याच्या हाती देऊ नको.

ता.क. शेवटी शेवटी आई मला जील वाजवायला लावायची, आणि मी थांबलो की विचारायची, "आणि दुसरा?" मी म्हणायचो, "येतोय." मी जीलबद्दल बोलत होतो. ती कशाबद्दल विचारत होती, ते मी विचारलं नाही.

ता.क. आत्याने त्या दिवशी दोन दोऱ्या वळल्या होत्या. तुझी खुंटीला आहे. तिचं टोक मी धरीन.