न आलेले अकरा जण

प्रिय आई, नमस्कार.

माझं जेवण वेळेवर होतं. आमच्या दवाखान्यातल्या अभ्यासासाठी कोविडमधून उठलेल्यांना मी सहा मिनिटं चालवते आणि अंतर नोंदवते. या महिन्यात अकरा जण आलेच नाहीत. "बरे झाले असतील गं," आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी फोन केले. आठ जणांना जिनाच उतरवत नव्हता. म्हणजे सगळ्यात थकलेली माणसंच आमच्या अभ्यासात नाहीत. आता त्यांच्या घरी जाऊन तपासायचं ठरलं आहे.

तुझ्या कोविडलाही चार महिने झाले. तू ठणठणीत असल्याचं सांगतेस. दादा म्हणतो, तू बाजारात जाणं सोडलंस. ओट्याशी किती मिनिटं उभी राहू शकतेस? खरा आकडा कळव. या थकव्यावर खात्रीचा उपाय अजून कुणालाच सापडलेला नाही. तोवर दम लागला की बसत जा. भाजी बाबांना करू दे, आणि करपली तरी खा.

तुझी,
धाकटी