गव्हर्नर सोडणार नाही

१४ मार्च २००६, केंब्रिज
सुपरवायझर डॉ. एच. यांनी आज चहा पाजून विषय काढला. जूनमध्ये पॅनेलपुढे पहिल्या वर्षाचं काम मांडायचं, ते पास झालं तरच पीएच.डी. पुढे चालू. तर त्याआधी विषय बदल, म्हणे. "तू नागपूरची. इंडियावर केलंस तर यू हॅव अ नॅचरल ॲडव्हांटेज." पन्नासच्या दशकातला कुठलासा अमेरिकन गव्हर्नर हिला कशाला हवा, हे बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. मी बिस्किट संपवलं आणि नाही म्हणाले.

१९ मार्च
बाबांचा फोन. "अमेरिकेचाच अभ्यास करायचा होता तर अमेरिकेत जायचं ना बाप्पा! इंग्लंडात काहून गेली?" नवरा इथे माझ्या मागे खिदळत होता. त्याला म्हटलं, समीर, तू नागपूरचा असून जर्मन गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितोस. तुला कोणी विचारतं?

२ एप्रिल
माझा गव्हर्नर पहिली निवडणूक जिंकला ती गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं येऊ देणार नाही, असं गावोगाव ओरडून. दुसऱ्या टर्ममध्ये त्यानेच भर सभेत सांगितलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागलाय, मुलं येतील. पुढच्या निवडणुकीत आपटला. मग मरेपर्यंत शेती. का बदललो, ते कोणाला सांगितलं नाही. डॉ. एच. म्हणतात, वॉशिंग्टनहून दट्ट्या आला, दुसरं काय! पण दट्ट्या शेजारच्या गव्हर्नरांनाही आला होता. ते कुठे बदलले?
आवडतो असं नाही. सुरुवातीची भाषणं वाचून किळस येते. पण सुटत नाही हा माणूस.

११ मे
सेमिनार. माझ्याबरोबरच पीएच.डी. करणाऱ्या इंग्रज टॉमचा पेपर, पुण्याच्या जुन्या नगरपालिकेवर. मराठी अडखळत वाचतो, पण पेपर चांगला. मी विचारलं, पुणंच का? "इट इंटरेस्टेड मी." सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढचा प्रश्न. माझा नुसता संताप. टॉमवर नाही, त्या मानांवर.

२२ जून
पॅनेल. दोन परीक्षक. पहिलाच प्रश्न, "व्हाय यू?" हा गव्हर्नर का, असं नाही. तू का!
टॉमचं उत्तर दिलं, शब्दशः. एकही मान हलली नाही. मग आवाज चढलाच. म्हटलं, तुमच्या लायब्ररीत इंडियावरची कपाटं भरलीत, लिहिणाऱ्या साहेबांना असं कोणी विचारलं होतं का?
जरा जास्तच बोलले का? बोलले तर बोलले.

२९ जून
निकाल. पास नाही, नापास नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा. विषय हाच हवा असेल तर अमेरिकेचा इतिहास जाणणारा दुसरा सुपरवायझर स्वतः शोध. डॉ. एच. गोड हसून बाजूला झाले. कोणी मिळालं नाही तर बॅग भरायची.
समीर म्हणाला, "इंडिया घे ना सरळ. डिग्री पदरात पाड, मग कर काय करायचं ते." मी ताट उचललं आणि गव्हर्नरची भाषणं काढून बसले.

११ जुलै, ट्रेनमध्ये
मँचेस्टरच्या एक प्रोफेसर बाई भेटायला तयार झाल्या होत्या. अमेरिकेचा इतिहास शिकवतात. स्टेशनवरून ट्राम उलट्या दिशेची घेतली, घामाघूम पोचले. बाईंनी बसायलाही सांगितलं नाही. मी आधी पाठवलेलं प्रबंधाचं पहिलं प्रकरण टेबलावर आपटलं. "युअर गव्हर्नर वॉज अ कॉवर्ड. शाळा उघडल्या आणि शेतात जाऊन लपला. तू त्याचे फार लाड केलेस."
मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, हो. कागद पसरले, आवाज चढले, बाहेरून कोणीतरी दार उघडून बघून गेलं.
सुपरवायझर होणार का, ते विचारायचंच राहिलं. त्याही काही बोलल्या नाहीत. निघताना एवढंच, "हे पुन्हा लिही आणि पाठव."
अजून मनात त्यांच्याशी वाद चालू आहे. भित्रा कसा? होतं नव्हतं ते सगळं घालवून बसलेला माणूस, त्याला भित्रा म्हणायचं म्हणजे...
वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी गव्हर्नरवरून भांडलं.