बिजली अप्पांना वळते

बुधवार, संध्याकाळ

बिजली आमची बॉर्डर कॉली, मेंढ्या हाकणाऱ्या जातीची कुत्री. मेंढ्या नाहीत म्हणून घरभर माझ्या लेकीला, चिमीलाच वळत फिरायची. पण हल्ली तिनं चिमीला सोडलं आणि माझ्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या मागं लागली. ते उठले की ही दारात आडवी, नजर त्यांच्यावर रोखलेली. आम्ही हसायचो. का हसायचो?

आज दुपारी दार उघडं राहिलं. भुंकणं ऐकू आलं तिकडं धावले, तर अप्पा मुकुंदवाडी स्टेशनपलीकडं, रुळांच्या अगदी कडेला. बिजली त्यांच्या पायांत आडवी, पाऊल पुढं टाकू देत नव्हती.

"अप्पा, इथं कुठं?"

"शेतात चाललो. ही कुत्री लई आडवी येती बघ."

शेत तर त्यांनीच कधीचं विकलंय.

नवरा म्हणाला, "वय झालं, होतं असं." त्यानं दाराला कुलूप लावलं. मला वाटलं, आता बिजली निवांत झोपेल. पण ती दाराकडं फिरकलीसुद्धा नाही. चौथ्या मजल्यावरची आमची गॅलरी, तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसलीय. नजर अप्पांवर.